थरथरणारी रेघ

रेघ पुन्हा थरथरली.

बुरूलने नॉब सोडला. पडद्यावरची रेघ लगेच शांत झाली. तिने नॉब पुन्हा धरला आणि अगदी हलक्या हाताने वळवला. रेघ वर चढली, पण अंगावर काटा आल्यासारखी. स्पीकरमधून कोमूझ या तीनतारी किर्गिझ वाद्याचा सूर आला, तोही कापराच.

"मीरिम, नॉबची तार बदललीस ना?"

"दोनदा बदलली, एजे." मीरिम तिच्याहून पुष्कळ लहान. तिला थोरली बहीण मानायची, म्हणून 'एजे', ताई.

बिश्केकमधल्या त्या खोलीत दोघीच काम करत. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये आवाजाचे सुटे ठोकळे होते. एक घुमारा देई, एक पडसाद. वादकाने ते हवे तसे जोडायचे आणि नॉब फिरवून खेळवायचे. ठोकळे मीरिमने रचलेले, नॉब बुरूलचे. संध्याकाळी कोमूझवादक सागिनबेक येणार होते. हे महोत्सवात वाजवायचं की नाही, ते आज ठरायचं होतं. मागच्या खेपेला ते करवादले होते, "बाई, तुमचा नॉब झोपेतून उठून माझ्यामागे येतो!" मीरिमने मध्ये एक ठोकळा घातला होता, हाताची हालचाल गुळगुळीत करणारा. उशीर त्यामुळेच होई. सकाळी बुरूलने तो काढून टाकला. तेव्हापासून रेघ अशी.

"परत घालू या ना तो," मीरिम म्हणाली. "कुणाच्या कानाला कळायचं नाही."

"दोष आहे. तो झाकून काय करायचं?"

बुरूलने नॉब बदलला. वीज तपासली. स्वतः लिहिलेली ओळ न् ओळ वाचली. काहीच सापडेना. विजेचा अडथळा वेडावाकडा येतो. ही थरथर एका तालात होती. अशी थरथर तिने पूर्वी एकदाच पाहिली होती, आईच्या हातातल्या चमच्यात. तो विचार तिने मागे ढकलला. तो हटेना.

"तू फिरव," ती म्हणाली.

मीरिम जागची हलली नाही. "मी कशाला? मी नॉब फिरवते की बरणीचं झाकण उघडते, असं तुम्हीच म्हणता."

"फिरव म्हणते ना!"

मीरिमने नॉब वळवला. रेघ ताणलेल्या दोऱ्यासारखी वर गेली. सूर स्वच्छ उमटला.

बुरूलने आपला उजवा हात मांडीखाली दाबून धरला.

"तो ठोकळा कधी घातलास?"

"हिवाळ्यात."

"का?"

मीरिम उठली, तिने किटलीतून चहा ओतला आणि नेहमीसारखा दोन्ही हातांनी प्याला पुढे ठेवला.

त्यांच्याकडे मानाच्या माणसाला प्याल्यात चहा थोडा थोडा ओततात, पुन्हा पुन्हा भरून देता यावा म्हणून. मीरिम तर हल्ली फारच थोडा ओतायची. पोरीला केवढं वळण आहे, असं बुरूल येईल त्याला कौतुकाने सांगायची.

आता तिने प्याल्यात पाहिलं. चहा तळाशी होता, घोटभर. शेवटी शेवटी आईच्या हातून सांडू नये म्हणून बुरूल तिला ओतून देई, तेवढाच.