साध्या वाचकाचा पत्ता

‘त्या दुकानदाराशी आपण एकदा तरी बोललात का?’

सकाळी सकाळी ही प्रतिक्रिया वाचून ठिणगीकाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली नाव नेहमीचंच, ‘साधा वाचक’. शिवी नाही, आवाज चढवणं नाही. नुसता हा असला शहाजोग प्रश्न!

गेल्या आठवड्यात ‘ठिणगी’ या आपल्या ब्लॉगवर त्याने एका औषधवाल्याची पार सालटी काढली होती. मुदत संपलेलं औषध लहान मुलीसाठी विकलं म्हणून. एकाने कळवलं, याने लिहिलं आणि दुकानाला कुलूप लागलं. शब्दांची ताकद म्हणतात ती हीच! सगळे मूग गिळून बसलेले असताना एखादा माणूस धीर करून लिहितो, आणि हा कुठला कोण टिकोजीराव विचारतो, बोललात का?

“बाबा, ऐका हे,” चहा घेता घेता तो म्हणाला. “औषधवाल्याने माझ्यामागे माणूस लावलाय. प्रत्येक लेखाखाली येऊन काड्या घालतो.”

वडील खुर्चीत बसून गुडघ्याला मलम चोळत होते. “त्याचाच माणूस कशावरून?”

“मग दुसऱ्या कोणाचं पोट दुखणार? तुम्ही वाचता ना माझं?”

“वाचतो की. भाषेला धार आहे तुझ्या. पण...”

“बाबा, उशीर होतोय. तुमचं ‘पण’ संध्याकाळी.”

वडील हसले आणि मलमाचं झाकण शोधू लागले.

विमा कंपनीत तो दावे तपासायचा. कागदाला कागद जुळल्याशिवाय कोणाचाही दावा पुढे सरकवायचा नाही, अशी त्याची ख्याती. पण आज कामात लक्ष लागेना. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून त्याने मोबाइलवर लिहून टाकलं :

‘मुखवट्याआडून बोलणारा हा साधा वाचक आहे तरी कोण? गुन्हेगाराची वकिली करणाऱ्याला उजेडात आणा. त्याच्या दारात जा आणि जाब विचारा!’

त्याचं स्वतःचं नाव ‘ठिणगी’वर कुठेच नव्हतं. पण ते वेगळं. माणसाला नोकरी सांभाळावी लागते.

प्रतिक्रियांचा नुसता पाऊस पडला. इंटरनेटची जोडणी देणाऱ्या कंपनीतला एक वाचक तर या प्रतिक्रिया कुठल्या जोडणीवरून येतात ते शोधायलाच लागला. थोड्या वेळाने त्याचा निरोप आला, ‘दादा, पत्ता मिळाला. आमचा ग्रुप निघालाय. तुम्हाला पाठवू?’

‘मला काय करायचाय? मी लिहिणारा माणूस. तुम्ही जा.’

सुट्टी संपली, पण आता कसलं काम आणि कसलं काय. फायली तशाच पडल्या. तो टेबलाखाली मोबाइल धरून बसला. छाती अभिमानाने फुगली होती. इतकी वर्षं साहेबाने ‘बसा’ म्हटलं की बसायचं आणि ‘उठा’ म्हटलं की उठायचं. आज आपल्या चार ओळींवर माणसं घराबाहेर पडली!

‘पोचलो दादा. बेल वाजवतोय.’

‘आतून कोण कोण म्हणून विचारतोय. दार उघडत नाही.’

‘सोडू नका,’ ठिणगीकाराने लिहिलं. ‘दुसऱ्याच्या लेकरांच्या जिवाशी खेळणाऱ्यांची बाजू घेताना भीती वाटली नाही. आता वाटते?’

तेवढ्यात वडिलांचा फोन आला. त्याने कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. संध्याकाळपर्यंत काही दम निघत नाही या माणसाला!

‘दादा, तुमचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. पोरं पेटलीत.’

मग बराच वेळ काहीच नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, “बरं वाटत नाही का?”

“छे! आज तर फार बरं वाटतंय.”

मोबाइल थरथरला.

‘दार उघडलं. थोडी ढकलाढकली झाली, त्यात पडला. डोक्याला लागलंय, पण आता माज उतरला. फोटो पाठवतो. दादा, यावर आजच लेख पाहिजे.’

फोटो हळूहळू उघडला. दारापाशी फरशीवर एक म्हातारा बसला होता. चष्मा कुठेतरी उडाला होता आणि दोन्ही हातांनी त्याने चेहरा झाकून घेतला होता. त्याच्यामागे भिंतीवर एका लग्नाचा मोठा फोटो होता, आणि त्यातला नवरदेव ठिणगीकार स्वतः होता.