मंडळी सोडू नये

नवे पाळक अमोलिक देवळाली प्रवऱ्याला बदलून आले, तेव्हापासून एक म्हातारा त्यांच्या मनात सलत होता. शांतवनबाबा. बाप्तिस्मा इथलाच, लग्न इथलंच, घर तर चर्चच्या भिंतीला लागून. तरी रविवारी बाबांची जागा रिकामी. शेवटी एका रविवारी उपासना आटोपली आणि पाळक तडक त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"सलाम, बाबा. माणसानं मंडळी सोडू नये."

पाळकांच्या तोंडी मंडळी म्हणजे चर्चमध्ये जमणारी माणसं. बाबांच्या कानाला ती बायको.

"व्हय साहेब. म्हनून तर कुटं जात न्हाई."

"थट्टा करता माझी?" पाळक रागावले.

तेवढ्यात आतून हाक आली, "अवं, भूक लागली." बाबा लगबगीने आत गेले, मागोमाग पाळकही. खाटेवर एस्तेरबाई, अर्धं अंग लुळं पडलेली. बाबांनी तिला उशीला टेकवून बसवलं, तिचा लुळा हात उचलून दुसऱ्या हाताला जोडून दिला आणि दोघांच्या वतीने प्रार्थना म्हणून मगच पेजेचा चमचा पुढे केला.

एस्तेरबाईने अंगातल्या झग्यावरून पाळकांना ओळखलं. तिचे डोळे भरले.

"माझ्यापायी ह्यांची उपासना चुकती, साहेब. ह्यांना पाप लागंल का वो?"

"तू आदी गीळ," बाबा म्हणाले.

पाळक खाटेशेजारी जमिनीवर बसले.

"यांची कुठं चुकली, बाई? उपासनेला उशिरा आलो तो मी."