चालता हात

नातीने धनुष्य बनवताना काळजीत काही कमी ठेवलं नव्हतं. बाणांची टोकं बोथट करून त्यांवर रबराची बुचं बसवली होती, समोर जुनी गादी उभी केली होती आणि धाकट्या भावाला दम देऊन आजोबांच्या खुर्चीमागे उभं केलं होतं. "कुणाच्या डोळ्याला लागायला नको," हे तिचं पालुपद चालूच होतं.

दोरी चढवायला तिने बांबू वाकवला, तेव्हा मुठीजवळ 'टिक' असा बारीक आवाज झाला. भावाच्या बडबडीत तिला तो ऐकू आला नाही. जन्मभर सुतारकाम केलेल्या आजोबांना आला. बांबू आतून चिरला होता. पुरता ताणला की तुटून तोंडावर येणार होता. त्यांनी जीव एकवटून सांगायला तोंड उघडलं, पण अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यातून नुसतं "आ, आ" निघायचं. तोवर तिने मुठीवर लाल चिकटपट्टी गुंडाळूनही टाकली.

"आजोबा बघ कसले खूश झालेत!" भाऊ म्हणाला.

"मग पहिला मान त्यांचाच," म्हणत तिने धनुष्य त्यांच्या चालत्या हातात दिलं.

आजोबांनी ते जे घट्ट धरलं, ते सोडेचनात.

"आई, आजोबा धनुष्य देत नाहीयेत!"

"अगं, लहान मूलच झालेत ते आता," आई आतून म्हणाली. "ओढू नकोस हं, त्यांना लागेल."

तिने अजिबात ओढलं नाही. त्यांचं एकेक बोट हलक्या हाताने सोडवलं, गादीसमोर जाऊन उभी राहिली आणि नेम चुकू नये म्हणून दोरी थेट डोळ्यापर्यंत ताणली.