पुढच्या खोलीचा वापर

वेढे मोजताना आईशी बोलायचं नाही, हे त्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. जळालेल्या मोटरमध्ये तांब्याची नवी तार भरायची, तर प्रत्येक गुंडाळीत ठरलेलेच वेढे बसावे लागतात. मध्ये तोंड उघडलं की आकडा गेला, आणि आकडा गेला की तार उलगडून पुन्हा श्रीगणेशा.

म्हणून पालिकेची मोजणीवाली दारात आली तेव्हा आईनं नुसती मान हलवली. डावा हात तारेवर, उजवा वेढे घालायच्या यंत्राच्या हँडलवर. ओठ हलतच होते.

मोजणीवालीच्या हातात टॅब होता. वरून काढलेल्या फोटोत गल्लीतलं छप्पर न् छप्पर दिसत होतं आणि प्रत्येकाला नंबर होता.

"शहराचा नवा नकाशा होतोय," ती म्हणाली. "घरपट्टी आता त्यावरूनच लागणार. छप्पर वरून दिसतं, पण आत काय चालतं ते दारात येऊनच विचारावं लागतं. पुढच्या खोलीचा वापर काय?"

टॉवेल खांद्यावर टाकून मुलगा आतून लगबगीनं आला. "राहायची खोली आहे. घरगुती लिहा."

मोजणीवालीनं खोलीभर नजर फिरवली. पाती काढलेले पंखे, पाण्याच्या मोटरी, तारेची रिळं, दोरीवर वाळत टांगलेल्या वार्निश लावलेल्या गुंडाळ्या. बसायला म्हणून एक स्टूल होतं, त्यावरही मिक्सर बसला होता.

"इथं राहतं कोण?" तिनं विचारलं.

"अहो, ते आईचं," मुलगा हसला. "घरात बसून कंटाळते, म्हणून काहीतरी खुडबुड चालू असते. टाइमपास हो! दुकान लिहिलंत तर पट्टी तिप्पट येईल. एवढ्याशा खुडबुडीसाठी कशाला?"

आईचे ओठ हलायचे थांबले नाहीत, पण आकड्यांच्या मधोमध तिला तो शब्द ऐकू आला. टाइमपास. याच खुडबुडीवर त्याची फी भरली गेली होती, त्याचं लग्न लागलं होतं, आणि आता वरून फोटोत झळकणारं छप्परही त्यावरच चढलं होतं. तिनं कधी त्याचा पाढा वाचला नव्हता. आजही वाचणार नव्हती. पण तिच्याच खोलीत, तिच्याच तोंडावर, असं परक्या बाईला हसत हसत सांगावं? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मोजणीवालीचं बोट 'घरगुती'कडे निघालं.

"दुकान लिही," आई म्हणाली.

आत स्वयंपाकघरात सुनेनं कुकरखालचा गॅस बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. मुलगा आईच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत राहिला. लहानपणी गुडघा फोडून घरी आला होता, तेव्हासुद्धा वेढे संपेपर्यंत तो दारातच रडत उभा राहिला होता.

"आई, अगं आकडा गेला ना तुझा!"

"जाऊ दे." तिनं हँडल सोडून दिलं. तार सैल पडली. "तू लिही गं बाळ. मोटर भरायचं दुकान. तिप्पट तर तिप्पट. चोरी करत नाही मी, लपून बसायला."

"तुला यातलं काही कळतंय का?"

"टाइमपास कळला. तेवढं पुरे."

मोजणीवालीनं 'दुकान' दाबलं. फोटोतल्या छपराचा पुढचा तुकडा पिवळ्याचा निळा झाला आणि खाली नवे रकाने उघडले. "दुकान चालवणाऱ्याचं नाव?"

मुलानं टॉवेलनं तोंड पुसलं. "आता लिहिलंतच, तर माझं टाका. घर माझ्या नावावर आहे."

आयत्या बिळावर नागोबा कसा येऊन बसतो, ते आईनं घरबसल्या पाहिलं. आत्ता आत्तापर्यंत टाइमपास होता, आणि दुकान व्हायचा अवकाश, लगेच ह्याचं झालं! राग बाजूला राहिला, तिला हसूच फुटलं. घर त्याच्या नावावर होतं, हे खरं होतं. त्याचा बाप गेल्यावर तिनंच राजीखुशीनं सही करून दिली होती.

"घर त्याचं," ती म्हणाली. "दुकान माझं. तुझ्या नकाशात असं बसतं का?"

"बसतं की, काकू. घर एकाचं आणि दुकान दुसऱ्याचं असलं, की दुकानवाला भाडेकरू."

"मग तसंच लिही. मी भाडेकरू."

"आई!" मुलगा ओरडला. "लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील? बाई दुकान चालवते म्हणतील. ते तर सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, तुलाच तेवढं नव्हतं."

मोजणीवालीनं आईचं नाव विचारून घेतलं, टाकलं, आणि थबकली. पुढचा रकाना भरल्याशिवाय टॅब पुढे सरकेना. पट्टीचा हिशोब त्याच्यावरच होता.

"काकू, भाडं किती लिहू?"

आई उठून उभी राहिली.

"मालकाला विचार ना," ती म्हणाली. "आईकडून महिन्याला किती घेणार, ते त्याच्या तोंडानं सांगू दे. तो म्हणेल तेच लिही."

मोजणीवालीनं टॅब मुलाकडे वळवला. सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिघीजणी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.