उसने जिवाणू

दाढेला पू होऊन मंदाकिनीचा गाल सुजला होता, तरी ती अँटिबायोटिक घेत नव्हती. त्याने तिच्या आतड्यातले जिवाणू मेले असते, आणि त्यांच्यामुळेच तिच्या नवऱ्याचा, विश्रामरावांचा, कंपवात थांबला होता. दर महिन्याला ते जिवाणू त्यांच्या पोटात सोडले जात. दुसऱ्या कोणाचे त्यांना मानवले नव्हते. हे सुरू झाल्यापासून तिचं खाणंपिणं, गावाला जाणंसुद्धा डॉक्टरांना विचारून चाले.

ताप चढला, तेव्हा विश्रामरावांनीच पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला आणि गोळी आणली. थेंबही सांडला नाही.

"घे. नाहीतर विष अंगभर पसरेल."

"आणि तुमचे हात?"

"थरथरतील पूर्वीसारखे."

ते नको म्हणाले असते, तर तिने रागाने गोळी गिळली असती. आता तिला तोंडच उघडवेना.