कपाटाची चाल

कपाट चालू लागले आणि अख्खी खोली हसली.

पडद्यावरचे कपाट ते, कार्टूनमधले. त्याआधी एका किटलीने अंडी घातली होती, अंड्यांतून दात घासणारे हवालदार निघाले होते आणि चुरगळलेला चंद्र इस्त्रीला टाकून झाला होता. स्टुडिओतली माणसे आणि त्यांच्या घरचे लोक हे सगळे नुसते डोळे फाडून बघत होते. हसावे की घाबरावे, कुणालाच कळत नव्हते. कपाटाने मात्र बाजी मारली. त्याने आपलीच किल्ली गिळली होती आणि ती शोधायला ते घरोघर फिरत होते, भेटेल त्याला खोकून दाखवायला सांगत. चालताना त्याचा एक पाय ठक्कन टेकायचा, दुसरा मागून सर्र करत यायचा, आणि तोल सावरायला डावे दार कोपरासारखे बाहेर निघायचे.

सगळ्यांत मोठ्याने हसत होती ती छोट्याची ताई.

छोट्याचे केस पिकायला आले होते, पण ताईसाठी तो अजून छोट्याच. पडद्यावरचे कपाट त्याने काढले होते आणि त्याला चालवलेही त्यानेच. पहिल्या खेळाला घरच्यांना आणा, असा वरून हुकूम होता, आणि त्याच्या घरी ताईशिवाय दुसरे होतेच कोण? ती नाही म्हणेल या आशेने त्याने विचारून पाहिले होते.

"मी तर एका पायावर तयार," ताई म्हणाली होती. "तसाही धड एकच आहे."

तो पाय लहानपणापासून अधू. त्यावरचा पहिला विनोद नेहमी तीच करायची, दुसऱ्याला संधीच द्यायची नाही. चारचौघांत पाय झाकून बसणे, गर्दी ओसरायची वाट बघणे, असले काही तिला कधी जमले नाही.

खाई त्याला खवखवे म्हणतात. छोट्याचे तसेच झाले होते. चहाचा कप घेऊन जाणाऱ्या ताईला त्याने मागून मोबाइलवर टिपले होते, तिला न सांगता. मग ती हालचाल थांबवून थांबवून, पावलामागून पाऊल, कागदावर उतरवली होती. कपाट तर आहे, कोण ओळखणार, अशी मनाची समजूत घातली होती.

पडद्यावरचे कपाट एका दाराशी येऊन थांबले. चौकटीवर त्याने हलकेच दोन थापा मारल्या, ओळखीच्या माणसाच्या पाठीवर माराव्यात तशा, आणि मगच उंबरा ओलांडला.

शेजारचे हसू मध्येच तुटले.

घरातल्या प्रत्येक दाराशी ताई हेच करायची. आधी चौकटीला दोन थापा, मग पाय. निदान एवढे तरी गाळायला हवे होते, छोट्याला वाटले. पण नेमके तेच त्याला सगळ्यांत छान जमले होते. खोली हसून हसून लोळत होती. दोघांच्या खुर्च्यांमधल्या दांडीवर ठेवलेला हात ताईने सावकाश उचलला आणि मांडीवर घेतला. छोट्याची तिकडे बघायची छाती झाली नाही.

दिवे लागले. दिग्दर्शक टाळ्या वाजवतच उभे राहिले.

"कपाटवाले कुठे आहेत आमचे? अहो, तुमच्या कपाटाने पिक्चर खाल्लं की! ही चाल सुचली कुठून तुम्हाला?"

सगळी खोली वळून छोट्याकडे बघू लागली. ताईसुद्धा. तिच्या नजरेत राग नव्हता, ती नुसती वाट बघत होती. नाव घेतले असते तर एखादा विनोद करून मोकळीही झाली असती. छोट्याने तोंड उघडले. ही माझी ताई, एवढेच तर म्हणायचे होते.

"अशीच," तो म्हणाला. "सुचली अशीच."

ताईने पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. छोट्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण टाळ्या पडत होत्या, आणि तो हसून मान डोलवत होता.

लोक बाहेर पडू लागले. ताई बसूनच राहिली.

"चल ना, ताई."

"जाऊ दे गर्दी आधी."

शेवटी ती उठली. ठक्, सर्र. रिकाम्या खोलीत तो आवाज छोट्याला कधी नव्हे एवढा मोठा वाटला. त्याने आधाराला हात पुढे केला. तिला तो दिसला नाही, किंवा तिने तसे दाखवले.

दिग्दर्शक दार धरून उभे होते. आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या तळाशी चांगला उंच उंबरा बसवलेला होता. ताईचा हात सवयीने चौकटीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मग तिने तो खाली घेतला, ओठ घट्ट मिटले आणि कशालाही न धरता पाय उचलला. तिचा जरासा झोक गेला.

"अहो, सांभाळून! पायाला काय झालं तुमच्या?"

छोट्या तिच्या मागेच होता.

"काही नाही हो," ताई म्हणाली, त्याच्याकडे न बघता, अगदी सहज. "सकाळी मुरगळला जरा. होईल दोन दिवसांत बरा."