टिकलीखालचा डाग

"टिकली काढ बरं," डॉक्टर म्हणाल्या आणि सविता एक पाऊल मागं सरली.

खरं तर दाखवायला आली होती सासू. धुरपताबाईंच्या कमरेला गजकर्ण उठलं होतं आणि मेडिकलमधून आणलेली ट्यूब चोळून चोळून ते पार पाठीवर चढलं होतं. डॉक्टर मंजुषाबाईंनी त्या ट्यूबवरून म्हातारीला चांगलं फैलावर घेतलं, सगळ्या घराला एकच टॉवेल कशाला म्हणून विचारलं, गोळ्या लिहून दिल्या. झालं होतं काम. सविता उठलीसुद्धा होती. तेवढ्यात डॉक्टरांची नजर तिच्या कपाळावर गेली.

"सवाष्ण हाय ती," धुरपताबाई फटकन म्हणाल्या. "टिकली कशी काढंल?"

"मावशी, मी बी हितल्याच चारठाण्याची लेक हाय. मला काय ठावं न्हाई व्हय? काढ गं."

चारठाण्याची! सविताची नणंद तिथंच दिलेली. आज जिंतुरात टिकली निघाली की उद्या चारठाण्यात बोभाटा! आरशात तो पांढरा ठिपका पहिल्यांदा दिसला तेव्हा तिने थोडी मोठी टिकली आणली होती. ठिपका वाढला तशी टिकली वाढली. नवरा, भागवत, हसायचा, "काय गं, देवी झालीस का?" झोपतानाही ती टिकली काढत नव्हती. गल्लीतल्या राजेश्रीला कोड निघालं तर तिच्या नवऱ्यानं तिला माहेरी नेऊन टाकली होती. आणि तेव्हा ओट्यावर बसून सगळ्यांत मोठ्यानं कोण बोललं होतं? ह्याच धुरपताबाई. "कोडाची बाई घरात ठिवत्यात व्हय?"

"काय लपवायलीस?" डॉक्टरांनी हळू विचारलं आणि स्वतःच नखानं टिकली उचलली.

सविताने डोळे गच्च मिटले. सासूकडे बघायची छातीच नव्हती तिची. आता ही बोंब मारणार, एकटीच एसटीत जाऊन बसणार, आणि आपण घरी पोचायच्या आत आपलं गाठोडं दाराबाहेर!

डॉक्टरांनी दिव्याखाली डाग निरखून पाहिला. "कोड न्हाई हे. टिकलीच्या डिंकानं झालंय. तू लपवायला मोठी लावत गेलीस आन ते वाढत गेलं. खुळे, टिकली सोड, मलम लाव. येतो रंग, हळूहळू येतो."

सविताने डोळे उघडले. "पण मॅडम, मोकळ्या कपाळानं गावात कशी जाऊ? मालक जित्ते हायत माझे. आन लोक तर कोडच मनतेल."

डॉक्टर काही बोलणार तोच धुरपताबाई उठल्या. आता आली बला, असं सविताला वाटलं. म्हातारीनं आधी दाराचा पडदा नीट ओढून घेतला. मग डोईवरचा पदर मागं सारला. सासरे वारल्यापासून तो पदर भुवयांपर्यंत ओढलेला असायचा. सविता लग्न होऊन आली तेव्हापासून तिने तो वर सरकलेला कधी पाहिलाच नव्हता.

भुवयांच्या वर, अगदी मधोमध, पांढरा गोल डाग होता.

"कोड न्हाई मनता?" म्हातारीनं कपाळ डॉक्टरांपुढं केलं.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "न्हाई मावशी. तुमचं बी टिकलीचंच हाय. मलम लावलं न्हाई मनून तसंच राहिलं."

धुरपताबाई मटकन खुर्चीत बसल्या. बराच वेळ कपाळावरून बोट फिरवत राहिल्या. मग सविताचा हात धरून म्हणाल्या, "तुजे सासरे गेले तवा बाया मनल्या, धुरपतावानी कुणी रडलं न्हाई नवऱ्यासाठी. मी कशाला रडायले व्हते माय? आता माजी टिकली काढतेल मनून."